तिसऱ्या तारेचा प्रश्न

माझ्या आत्याच्या वाड्यात, माजघराच्या भिंतीशी उभ्या असलेल्या फ्रिजपुढे, कित्येक वर्षे एक लाकडी पाट आडवा पडलेला असे. आणि घरात नव्याने आलेल्या प्रत्येक सुनेला, मुलाला व मुक्कामाच्या पाहुण्याला, ओल्या हाताने फ्रिजला हात लावू नये, लावायचाच झाल्यास पाटावर उभे राहून लावावा, अशी ताकीद पहिल्याच दिवशी मिळे. दाराच्या मुठीला बोट लागताच मनगटापर्यंत झिणझिण्या येत. पावसाळ्यात फरशीला ओल सुटली की त्या कोपरापर्यंत जात. "थोडा करंट येतो त्याला," एवढे आत्या म्हणे, आणि घरातील कोणालाही त्यापुढे काही विचारावेसे वाटत नसे. अखेर दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एका वायरमनने फ्रिजमागचे सॉकेट आमच्यासमोर उघडले. दर्शनी बाजूस तीन भोके होती; मागे मात्र तारा दोनच आल्या होत्या. बाकीचे दोन पितळी स्क्रू काळवंडून गेले असताना तिसऱ्या भोकाचा स्क्रू नव्यासारखा चकचकीत होता, कारण सॉकेट बसवल्या दिवसापासून तो कोणी आवळलाच नव्हता.

जुन्या घरांतील विजेचे प्लग बदलण्याचा विषय निघाला म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चा चालते ती रंगाची, पट्ट्यांच्या नमुन्याची आणि दर नगामागे पडणाऱ्या किमतीची. पिवळट पडलेले बेकेलाइटचे सॉकेट काढून तेथे पांढरेशुभ्र नवे बसवले की घराचे विद्युतीकरण अद्ययावत झाले, अशी मालकाची समजूत होते आणि ती मोडण्याचे कारण काम करणाऱ्यालाही नसते. पण सॉकेट हा एका व्यवस्थेचा केवळ दर्शनी भाग आहे. त्याच्या पाठीमागे तार आहे, तारेच्या पाठीमागे फ्यूज आहे, आणि या सर्वांच्या तळाशी, जमिनीत पुरलेली किंवा पुरावयाची राहून गेलेली, अर्थिंगची पट्टी वा नळी आहे. दर्शनी भाग बदलला आणि मागची व्यवस्था तशीच राहिली, तर घर सुरक्षित होण्याऐवजी अधिक धोक्याचे होऊ शकते. हे कसे घडते आणि त्यावर कोणकोणते इलाज उपलब्ध आहेत, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

आपल्याकडे घरात वीज आली ती दिव्यासाठी. मुंबईत १९०५ साली वाडी बंदर येथील केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला, १९०७ साली विजेवरची ट्राम धावू लागली, आणि १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत योजनेची वीज खोपोलीहून शहरात आली. त्यानंतरच्या काही दशकांत वाड्यांतून आणि चाळींतून जे वायरिंग झाले त्याचा हिशेब एका खोलीस एक दिवा, ऐपत असल्यास एक पंखा, आणि पुढे रेडिओसाठी किंवा इस्त्रीसाठी एखादा प्लग, असा होता. भिंतीवर सागवानी पट्टी ठोकायची, तिच्यावर टिनच्या क्लिपांनी तार बसवायची, आणि लाकडी बोर्डावर पितळी टोपीचा खटका लावायचा, ही त्या कामाची रीत. रबराचे आवरण आणि त्यावर सुती वीण असलेल्या या तारांना वायरमन मंडळी 'तीन-बावीस', 'तीन-वीस', 'सात-वीस' अशा नावांनी ओळखत, म्हणजे किती पदर आणि कोणत्या गेजचे. ही भाषा आजही वयस्कर कारागिरांच्या तोंडी आहे. काम मोठ्या निगुतीने केलेले असे, आणि ज्या भारासाठी ते केले होते त्या भारास ते पुरूनही उरत असे. त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही. लाकडी पाटावर बसून जेवणाऱ्या आणि बादलीत तापवलेल्या पाण्याने स्नान करणाऱ्या घरात तिसऱ्या तारेची निकड कोणाच्या ध्यानात येणार होती?

प्लगच्या आकाराचा इतिहासही येथे पाहिला पाहिजे. तीन गोल खुंट्यांचा जो प्लग आपण आज वापरतो तो मूळ ब्रिटिश मानकाचा, १९३४ सालच्या बीएस ५४६ चा वंशज आहे. ५ अँपिअरचा लहान आणि १५ अँपिअरचा मोठा, हे त्यातील दोन प्रकार आपल्या अंगवळणी पडले. ब्रिटनने स्वतः मात्र महायुद्धानंतर या प्लगाचा त्याग केला. युद्धोत्तर घरबांधणीचा विचार करण्यासाठी तेथे नेमलेल्या समितीत डेम कॅरोलिन हॅस्लेट या एकमेव महिला सदस्य होत्या, आणि लहान मुलांनी सॉकेटात बोट वा सळई घालू नये म्हणून आतून झडप असावी हा आग्रह त्यांच्या नावाशी जोडला जातो. १९४७ साली निघालेल्या बीएस १३६३ या मानकात चपट्या खुंट्या, प्लगमध्येच फ्यूज आणि सॉकेटात झडप, अशी तिहेरी तरतूद झाली. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि जुन्याच गोल खुंट्यांवर राहिलो. पुढे आयएस १२९३ या भारतीय मानकाने त्यांना ६ आणि १६ अँपिअरचे रूप दिले. या निर्णयात काही वावगे झाले असे मला वाटत नाही, कारण गोल खुंटीचा प्लग मुळात उत्तम आहे. त्याची वरची, अर्थिंगची खुंटी अधिक जाड आणि अधिक लांब असते ती शोभेसाठी नव्हे. प्लग आत जाताना अर्थिंगचा सांधा सर्वांत आधी जुळावा आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावा, म्हणजे उपकरणात वीज आहे तोवर त्याचे कवच जमिनीशी बांधलेले असावे, एवढा विचार त्या काही मिलिमीटरांत केलेला आहे. आजच्या चांगल्या सॉकेटात तीच लांब खुंटी आतील झडपही उघडते.

हा विचार आपण आपल्या हातांनी कसा मोडून काढतो, हे दिवाळीच्या आठवड्यात कोणत्याही चाळीच्या गॅलरीत पाहावे. आकाशकंदिलाच्या तारेला प्लग नसतो. तिची दोन उघडी टोके भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली असतात. दोन खुंट्यांचा चार्जर झडपेच्या सॉकेटात जात नाही, म्हणून पेन्सिल किंवा पेचकस वरच्या भोकात घालून झडप उघडली जाते, आणि शेजारी उभे असलेले पाच वर्षांचे मूल ते लक्षपूर्वक पाहत असते. मुलाने उद्या तेच करून पाहिले आणि भोक वरचे न निवडता खालचे निवडले, तर दोष कोणाचा?

आता भाराचा हिशेब. आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. २००० वॅटचा गीझर त्यावर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो, तेवढ्याच शक्तीची इंडक्शनची शेगडी तेवढाच, आणि ३००० वॅटचा गीझर १३ अँपिअर. दिव्या-पंख्यांच्या एका मंडलावर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट भार असावा, असा वायरिंगच्या भारतीय संहितेचा दंडक आहे. जुन्या घरात मात्र स्वयंपाकघराचा एकुलता एक प्लग याच दिव्याच्या मंडलावरून काढलेला असतो आणि त्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर आणि फ्रिज हे सारे एका एक्स्टेंशन बोर्डाच्या आधाराने उभे असतात. एके काळी अनेक ठिकाणी दिव्या-पंख्यांच्या विजेचा दर वेगळा आणि उपकरणांच्या विजेचा वेगळा असे. 'लाइट पॉइंट' आणि 'पॉवर पॉइंट' हे शब्द त्या काळापासून आपल्या बोलण्यात आहेत. दर एक झाले, शब्द राहिले, पण लाइटची बारीक तार आणि पॉवरची जाड तार यांतला भेद मात्र लोकांच्या मनातून गेला.

तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. परंतु घरांतील बहुतेक भाजलेली सॉकेटे जी दिसतात ती तारेच्या मध्यावर नव्हे, सांध्यावर भाजलेली असतात. सैल झालेल्या खुंटीपाशी अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि तेथून गीझरचे ९ अँपिअर वाहिले, तर त्या नखाएवढ्या जागी ४० वॅट उष्णता साचते. म्हणजे एक ४० वॅटचा दिवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंडून लाकडी बोर्डाच्या मागे ठेवल्यासारखे होते. आधी प्लग काढताना बोटाला चटका बसतो, मग मासळी कुजल्यासारखा किंवा रबर जळाल्यासारखा वास येतो, मग भोकाभोवती तपकिरी कडे उमटते. या तीन खुणांपैकी एकही दिसली तरी ते सॉकेट त्याच दिवशी बंद केले पाहिजे. फ्यूज येथे उपयोगी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेबाहेर गेलेलाच नसतो. आणि किटकॅट फ्यूजमध्ये वारंवार तार जाते म्हणून कोणी जाड तांब्याचा तुकडा गुंडाळून ठेवला असेल, तर मर्यादा ओलांडल्यावरही तो उपयोगी पडत नाही.

यात भर पडली ती ॲल्युमिनिअमच्या तारांची. साठ आणि सत्तरच्या दशकांत ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांपैकी अनेकींत तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनिअमची तार आहे. हा धातू स्क्रूखाली दाब पडताच हळूहळू पसरतो, हवेने त्यावर रोध करणारा थर चढतो, आणि तांब्याशी वा पितळेशी नुसता पिळून जोडला तर सांधा गंजतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या पुष्कळ घरांत हाच अनुभव आला. अशा घरात केवळ सॉकेट बदलणाऱ्या कारागिराने ती ठिसूळ तार वाकवून पुन्हा आवळली की ती तेथेच अर्धवट तुटते आणि काही महिन्यांनी तापू लागते. म्हणून तार ॲल्युमिनिअमची निघाली तर सॉकेट बदलण्याचा बेत रद्द करून त्या मंडलाची तारच बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे तिसऱ्या भोकाकडे वळू. दोन तारांच्या जुन्या जागी तीन भोकांचे सॉकेट बसवताना व्यवहारात तीन प्रकार घडतात. पहिला आत्याच्या घरचा: तिसरे भोक मोकळेच सोडायचे. दुसरा प्रकार असा की, घराच्या एका कोपऱ्यातून लोखंडी तार काढून ती पाण्याच्या नळाला गुंडाळायची आणि तीच अर्थिंग म्हणून वापरायची. नळ लोखंडी होते आणि ते जमिनीतून येत होते तोवर ही योजना कशीबशी चाले. परंतु गेल्या काही दशकांत गंजलेल्या लोखंडी नळांच्या जागी सर्वत्र प्लास्टिकचे नळ आले, प्लंबरने आपले काम चोख केले, आणि त्याच्या एका करवतीने साऱ्या घराची अर्थिंग तुटली, हे त्यालाही कळले नाही आणि घरच्यांनाही. त्याहून वाईट म्हणजे, मधला काही भाग लोखंडी राहिला असेल तर एका घरातील गीझरची गळती तिसऱ्या घरातील मोरीच्या तोटीला येऊन उभी राहू शकते.

तिसरा प्रकार सर्वांत भयंकर आहे, आणि तो करणारे अज्ञानापेक्षा अर्धवट ज्ञानाने करतात, म्हणून त्याचे विवरण जरा विस्ताराने केले पाहिजे. न्यूट्रलची तार कोठेतरी दूर, रोहित्रापाशी, जमिनीला जोडलेली असते, हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा सॉकेटातच न्यूट्रलच्या स्क्रूपासून तिसऱ्या स्क्रूपर्यंत इंचभर तारेचा तुकडा टाकला की अर्थिंग मिळाली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. टेस्ट लॅम्प लावून पाहिला तर तो झगझगीत पेटतो, आणि घरमालकाची खात्री पटते. पण समजा, उद्या त्या सॉकेटाच्या मागे कोठेतरी न्यूट्रलचा सांधा सुटला, आणि जुन्या घरात सुटण्याची शक्यता सर्वांत अधिक त्याचीच, तर फेजचा दाब उपकरणातून फिरून त्या इंचभर तुकड्यावाटे थेट फ्रिजच्या किंवा गीझरच्या धातूच्या कवचावर येतो. उपकरण बंद पडलेले असते. वीज गेली असे वाटून माणूस ते हलवून पाहतो, आणि त्याच्या हाताला पूर्ण २३० व्होल्ट लागतात. मीटरपाशी कोणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल केली, तरी परिणाम तोच. दोन भोकांचे जुने सॉकेट निदान आपली उणीव लपवत नव्हते. हे तीन भोकांचे सॉकेट संरक्षणाचा शब्द देऊन जीव घेण्याची तजवीज करते.

दोष काहीच नसतानाही झिणझिण्या का येतात, असा प्रश्न येथे कोणी विचारील. आजच्या संगणकांत, धुलाईयंत्रांत, दूरचित्रवाणी संचांत विजेतील खरखर गाळण्यासाठी लहान धारित्रे बसवलेली असतात. ती फेज आणि कवच, तसेच न्यूट्रल आणि कवच, यांच्यामध्ये असतात. कवच अर्थिंगला जोडलेले असले तर ही क्षीण गळती मुकाट जमिनीत जाते. जोडलेले नसले तर कवचावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपासचा दाब उभा राहतो. त्यातून येणारा प्रवाह अत्यल्प असल्याने माणूस मरत नाही, पण त्या झिणझिण्यांची सवय लागते. आणि ही सवयच घातक, कारण उद्या आतील आवरण खरोखरच जळून गळती वाढली, तर तीच ओळखीची झिणझिणी पहिल्या क्षणी जाणवते, आणि दुसरा क्षण मिळेलच असे नाही.

माणसाला किती प्रवाह सोसतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी केला. धरलेली तार माणसाला स्वतःच्या इच्छेने सोडता येईल असा प्रवाह पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर असतो, असे त्यांना आढळले. १६ अँपिअरचा फ्यूज वितळण्यासाठी जो प्रवाह लागतो त्याचा हा हजारावा भागही नाही. म्हणजे फ्यूज घराच्या तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. या विचारातून डॅल्झिएल यांनी १९६१ च्या सुमारास, जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतील सूक्ष्म तफावत ओळखून वीज तोडणारे साधन सिद्ध केले. अमेरिकेत ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटते. आपल्याकडे घरांसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवतात, ज्याला बाजारात अजून पुष्कळजण ईएलसीबी म्हणतात.

चांगली अर्थिंग असली की आरसीसीबी कशाला, अशीही एक समजूत आहे आणि तिचे निरसन साध्या भागाकाराने होते. जमिनीत पुरलेल्या नळीचा रोध उन्हाळ्यात, भोवतालची माती कोरडी पडल्यावर, २० ओहम झाला असे धरू. गीझरची फेज कवचाला टेकली तर जमिनीत वाहणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवायचे आपोआप पडणारे बटण, या प्रवाहाने कधीच पडणार नाही, आणि गीझरचे कवच भारित होऊन तसेच राहील. उलट ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याच क्षणी पडेल. म्हणून नळीभोवती मीठ-कोळसा घालून ती ओली ठेवणे, हा आजोबांच्या वेळचा प्रघात योग्य असला तरी अपुरा आहे.

उलट पक्षी, आरसीसीबी बसवला की अर्थिंग नको, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी माणसाचा जीव वाचवू शकतो, फक्त तो माणसाला धक्का बसल्यावर पडतो, आधी नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६२ पासून नव्या घरांच्या सर्वसाधारण मंडलांवर तीन भोकांची सॉकेटे आवश्यक केली, आणि जुन्या दोन तारांच्या घरांना अशी सवलत दिली की, भिंती फोडून तिसरी तार ओढणे शक्य नसेल तर गळतीरोधक साधनाच्या आश्रयाने तीन भोकांचे सॉकेट बसवावे; मात्र त्या सॉकेटावर 'येथे अर्थिंग नाही' असा मजकूर लावणे बंधनकारक आहे. या संपूर्ण संहितेत मला सर्वाधिक मोलाची वाटते ती ही चिठ्ठी. सॉकेट जे देऊ शकत नाही ते देतो असे त्याने सांगू नये, एवढी प्रामाणिकता आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता प्रत्येक वायरमनला पाळता येईल.

आता इलाजाचा क्रम. ज्याची ऐपत आणि सोय आहे त्याने मुख्य पेटीपासून सारे वायरिंग नव्याने करावे, यात दुमत नाही. पण वाड्याच्या माती-विटांच्या भिंती फोडून नळ्या गाडणे बहुधा अशक्य असते, आणि चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडाला आठ दिवस सामान बाहेर काढणे परवडत नाही. अशा ठिकाणी मी पुढील क्रम सुचवीन. सर्वांआधी मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि किटकॅटच्या जागी एमसीबी. मग अर्थिंगचे मूळ शोधणे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमान्वये ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक पुरवणे ही पुरवठा करणाऱ्याची जबाबदारी ठरवली होती. तेव्हा मीटरच्या फळीपाशी ते टोक आहे की नाही, हे लेखी विचारण्याचा संकोच करू नये. त्यानंतर ओल्या जागा, म्हणजे मोरी, स्वयंपाकघर आणि धुलाईयंत्राचा कोपरा. गीझरसाठी थेट मुख्य पेटीपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग अशी स्वतंत्र जोडणी, प्लास्टिकच्या झाकणपट्टीतून भिंतीवरून उघडी न्यावी. ती दिसायला सुंदर नसेल, पण भिंतीला धक्का लागत नाही आणि पुढच्या पिढीला ती तपासता येते. बैठकीच्या खोलीतील दिव्याचे प्लग शेवटी बदलले तरी चालतील. जेथे तिसरी तार पोहोचवता येत नाही तेथे दोन भोकांचेच सॉकेट ठेवावे आणि त्यावर धातूच्या कवचाचे कोणतेही यंत्र लावू नये.

खरेदीसंबंधी दोनच गोष्टी सांगतो. जगातील कोणताही प्लग सामावून घेणारे जे सॉकेट हल्ली सर्वत्र मिळते, ते कोणत्याच प्लगाला घट्ट धरत नाही. आणि कडेला अर्थिंगची पट्टी असलेला युरोपीय प्लग त्यात घातला तर त्याचा अर्थिंगचा सांधा जुळतच नाही. दुसरे असे की, ६ आणि १६ अँपिअरचे संयुक्त सॉकेट बारीक तारेच्या मंडलावर बसवणे हा अपराध मानला पाहिजे, कारण त्या मोठ्या भोकांकडे पाहून पुढचा भाडेकरू तेथे निःशंकपणे गीझर लावील.

आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडतो, ही तक्रार जुन्या घरांत हटकून येते. पुष्कळदा त्याचे कारण गळती नसून उसनी घेतलेली न्यूट्रल असते. जिन्यातला दिवा फेज एका मंडलातून आणि न्यूट्रल या आरसीसीबीबाहेरच्या दुसऱ्या मंडलातून घेत असतो, आणि साधनाला ती तफावत गळतीसारखी दिसते. मंडले वेगळी केली की तक्रार मिटते. यास वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायचा नसलेला कारागीर आरसीसीबी वगळून तार सरळ जोडून जातो. म्हणून काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे, त्याच्याकडून चाचणीचा दाखला घ्यावा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तारांच्या आवरणाचा रोध किमान १ मेगओहम येतो की नाही, हे त्याला समक्ष दाखवावयास सांगावे.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र विद्युतशास्त्राचा नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. एवढ्या भाड्यात मालक वायरिंग बदलीत नाही, आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरूही बदलीत नाही. शहर विभागातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो, परंतु त्या दुरुस्तीचा रोख तुळया, छते, जिने यांवर आहे; भिंतीवरच्या लाकडी पट्टीतली तार त्यात बसत नाही. २०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमावलीने गळतीरोधक साधनाची सक्ती ५ किलोवॅटपासून पुढच्या जोडण्यांवर ठेवली होती, म्हणजे ज्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांना त्याची सर्वांत अधिक गरज होती तीच त्या सक्तीच्या बाहेर राहिली. उपकराच्या निधीतून जुन्या इमारतींच्या प्रत्येक बिऱ्हाडास एक आरसीसीबी आणि इमारतीस एक सामायिक अर्थिंग देण्याची तरतूद शासनाने करावी. एका तुळईच्या दुरुस्तीपुढे हा खर्च फार नाही.

तोवर वाचकांनी स्वतःपुरते एक काम करावे. हा पावसाळा सुरू होण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वायरमनला घरी बोलवावे, मुख्य बटण बंद करवून फ्रिजमागचे आणि मोरीतले सॉकेट आपल्यासमोर उघडावयास सांगावे, आणि तिसऱ्या स्क्रूखाली तार आहे का, असल्यास ती कोठे जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.